पेरू द्यावा की केळं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. घरात रोज केळं असतंच, पण शेजारच्या काकू सांगतात की पेरूत लोह जास्त, तोच द्या. सासूबाई म्हणतात, पेरूनं सर्दी-खोकला होतो. थंडीत आमच्याकडे जवारी (गावठी) पेरू भरपूर येतात. कशात जास्त सत्त्व? (खानापूर तालुक्यातून)

उत्तर : लोहाच्या बाबतीत दोन्ही फळांची पाटी कोरीच म्हणायची. १०० ग्रॅम पेरू घ्या की १०० ग्रॅम केळं, लोह अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही, आणि या वयाच्या मुलीची रोजची गरज ३० मिलिग्रॅमच्या घरात आहे. ‘कापल्यावर फोड काळी पडते, म्हणजे त्यात लोह आहे’ असंही सर्रास सांगितलं जातं. फळातल्या एका विकराची (एन्झाइमची) हवेशी गाठ पडली की तो रंग येतो, त्यात लोहाचा काही संबंध नाही.

तरीही मुलीला पेरू द्याच. त्याचं कारण क जीवनसत्त्व. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, तेवढ्याच केळ्यात जेमतेम ८ ते ९. नाचणी, पालेभाजी, मटकी, चवळी यांतलं लोह आतड्याला सहजी शोषता येत नाही. त्याच घासांबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं, तर शोषण चांगलंच वाढतं. ‘त्याच घासांबरोबर’ हे महत्त्वाचं. दुपारी भाकरी-उसळ आणि पेरू संध्याकाळी पाच वाजता, असं केलंत तर पेरू खाल्ल्याचा बाकी फायदा मिळेल, पण दुपारच्या लोहाला त्याची मदत होणार नाही. ताटातच कोशिंबिरीच्या जागी पेरूच्या तीन-चार फोडी, म्हणजे ५० ग्रॅमभर, वाढा. एवढ्यातच १०० मिलिग्रॅम क मिळतं.

घरोघरी चुकतं ते पुढे. जेवण झालं की लगेच चहा, आणि चहातला टॅनिन लोहाला बांधून टाकतो. जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. कच्चा, हिरवागार, तोंड आखडणारा पेरू मुलींना तिखट-मीठ लावून फार आवडतो, पण तो तुरटपणाही टॅनिनचाच. त्यामुळे जेवणात पिवळसर, वास सुटलेला पेरू घ्यावा. साल काढू नका, कारण क जीवनसत्त्व सालीत आणि तिच्या लगतच्या गरात सर्वांत जास्त असतं, बियांच्या गाभ्याकडे कमी होत जातं. बिया चावायला कठीण वाटल्या तर गाभा बाजूला काढला तरी फारसं नुकसान नाही.

सासूबाईंना सांगा, सर्दी विषाणूंमुळे होते, पेरूमुळे नाही.

मात्र ९.८ हा आकडा फळांनी वर येणार नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. आधीच कमी झालेल्या रक्तासाठी डॉक्टर वेगळ्या मात्रेत रोजची गोळी देतात, शिवाय जंताचं औषध आणि पाळीत रक्तस्राव फार होतो का याची चौकशी हवी. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका. पाण्याबरोबर द्या, वर पेरूची फोड चालेल. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवायची, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरत असतो. बहुतेक जण नेमकी तेव्हाच गोळी सोडतात.

प्रश्न : मुलगा तालमीत जातो. वस्ताद केळी खायला सांगतात, मित्र म्हणतात केळ्यात प्रोटीन आणि पोटॅशियम असतं. रोज शिकरण पुरेल का? (चिकोडी)

उत्तर : वस्तादांचं बरोबर आहे, मित्रांचं निम्मं. केळं हे ताकद पुरवणारं फळ आहे. १०० ग्रॅम गरात सुमारे ९० कॅलरी आणि २३ ग्रॅम कर्बोदकं. पेरूत ६८ कॅलरी आणि १४ ग्रॅम कर्बोदकं, वर ५ ग्रॅमपेक्षा जास्त चोथा. म्हणून मेहनतीला जायच्या अर्धा-पाऊण तास आधी केळंच बरं. पेरू खाऊन जोर मारायला उतरलं की पोट जड राहतं.

प्रोटीन मात्र केळ्यात १०० ग्रॅमला १ ग्रॅमच्या आसपास, पेरूत अडीच. शिकरणात जे प्रोटीन येतं ते दुधाचं : २०० मिलिलिटर दूध आणि दोन मध्यम केळी मिळून ९ ग्रॅमच्या आसपास. अंडी, डाळ, शेंगदाणे, फुटाणे यांची जागा ते घेऊ शकत नाही. पोटॅशियमबद्दल केळ्याचं नाव उगाच मोठं झालंय. १०० ग्रॅम केळ्यात ते ३६० मिलिग्रॅमच्या आसपास, तर पेरूत ४१७. केळ्याची खरी जमेची बाजू ब-६ जीवनसत्त्व, पण तिची जाहिरात कोणी करत नाही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. केळं पूर्ण बंद केलंय, पेरू मनसोक्त देतो. योग्य आहे का? (निपाणी)

उत्तर : बंदीही नको आणि मनसोक्तही नको. सालीसकट पाव किलोचा एक मोठा पेरू म्हणजे ३५ ग्रॅम कर्बोदकं होतात. एका वेळी १०० ग्रॅम पुरे. केळं द्यायचं तर छोटं वेलची केळं एक किंवा मोठ्या केळ्याचा निम्मा भाग, तेही सालीवर काळे ठिपके पडायच्या आत. जसजसं केळं पिकतं, तसतसा त्यातला स्टार्च साखरेत बदलतो. कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात, पण रक्तातली साखर लवकर चढते. भरपेट भातानंतर वरून फळ द्यायचं नाही. मधल्या वेळी मूठभर शेंगदाण्यांबरोबर द्या. पेरूचा रस गाळून देत असाल तर ते थांबवा, कारण चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी पेल्यात उतरते. खाल्ल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहिलंत, तर वडिलांना किती झेपतं ते कळेल.

प्रश्न : लाल गराचा पेरू महाग मिळतो. तो जास्त पौष्टिक असतो का? आणि पेरूची जेली करून ठेवली तर गुण टिकतात? (बेळगाव)

उत्तर : क जीवनसत्त्वात लाल-पांढऱ्याचा फरक नावापुरता. लाल गरात लायकोपिन हे रंगद्रव्य जास्त असतं, कच्च्या टोमॅटोपेक्षाही. पण त्यापायी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही.

जेली मुलांना आवडते म्हणून करा, पौष्टिक म्हणून नको. फोडी उकळताना क जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं, गाळताना चोथा जातो आणि रसाच्या जवळपास बरोबरीनं साखर पडते. डब्याला देताना फोडी सकाळीच चिरा, लिंबाचे दोन थेंब चोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

खरा फरक हंगामाचा असतो. पावसाळी बहाराचा पेरू पाणचट आणि फळमाशीचा धनी. थंडीतलं फळ घट्ट, गोड, आणि त्यात क जीवनसत्त्वही जास्त. पावसाळ्यात घेताना सालीवर सुईच्या टोकाएवढे टोचल्याचे डाग आणि त्याभोवतीचा मऊ भाग बघा. असं फळ आत अळ्यांनी भरलेलं निघतं.

प्रश्न : मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेते. केळी खाऊ नये असं ऐकलं. (अथणी)

उत्तर : मूत्रपिंड ठीक असेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचे अहवाल बरोबर असतील, तर रोजचं एक केळं चालतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं रक्तातलं पोटॅशियम थोडं वाढवतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळंही नको आणि पेरूही नको. केळं सोडून ‘निरुपद्रवी’ म्हणून पेरूवर जाणारे इथेच फसतात. तुमच्यासाठी अधिक काळजीची गोष्ट पेरूवरचं मीठ आहे. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर. पेरूला नुसती जिरेपूड आणि चिमूटभर लाल तिखट लावून बघा.

प्रश्न : फ्रीजमध्ये ठेवलेली केळी काळी पडतात. टाकून द्यावीत का? (उचगाव)

उत्तर : नको. साधारण १३ अंशांच्या खाली केळ्याची साल थंडीनं करपते, आतला गर बहुधा चांगला असतो, तो खावा. पण कच्ची केळी फ्रीजमध्ये ठेवली, तर बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाहीत. ती बाहेर टोपलीत, एका पिकलेल्या पेरूबरोबर झाकून ठेवा. पेरूतून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं लवकर पिकतील. पिकल्यावर पेरू लगेच उचला, नाहीतर दोन्ही एकदमच उतरायला लागतात.