स्टेजवर बोलता येत नसेल तर मुलांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात स्वयंसेवक म्हणून जावं का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात आठवी ते दहावीच्या मुलांचं दोन दिवसांचं शिबिर आहे, ओळखीच्यांनी मदतीला बोलावलंय, पण माइक हातात आला की तुम्हाला घाम फुटतो. मग जाऊन उपयोग काय?

जा. माइकशी तुमचा संबंधच येणार नाही. त्यासाठी वक्ते असतात आणि ते गरजेपेक्षा जास्तच असतात. कमी पडतात ती आठ-दहा पोरांच्या गोलात सतरंजीवर बसून गप्प राहू शकणारी माणसं.

मी इथल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते आणि सुट्टी जुळली की अशा शिबिरांना जाते. सकाळी नोंदणी, नावाचे बिल्ले, पाण्याचे जार, झालंच तर खुर्च्या. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडलंय का आणि आतून कडी लागते का, हे मात्र सगळ्यात आधी बघा. कुणाच्याच यादीत ते नसतं.

दहाचं शिबिर असलं तरी अकरापर्यंत मुलं येत राहतात आणि आयोजक 'शिस्तच नाही' म्हणून वैतागतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागात पाण्याचा दिवस असतो तिथली पोरं घागरी, बॅरल भरून मगच निघतात. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून येणारी मुलगी सकाळी आईला विडीची पानं कातरून देऊन, धाकट्याला आवरून, मिळेल त्या रिक्षात स्वतःला कोंबून घेऊन येते. पहाटेपासून एवढं उरकून ती दारात पोचते तेव्हा आत सत्र चालू असतं 'वेळेचं नियोजन'. तिला काही ऐकवू नका. पाणी द्या, बिल्ला लावा, गटात बसवा.

तुमचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं ते गटचर्चेत. वक्ता स्टेजवरून सांगतो, 'आता आपापल्या गटात ध्येयाबद्दल बोला.' पहिला मुलगा म्हणतो कलेक्टर. दुसराही कलेक्टर. तिसरी पोलीस म्हणते, कारण सारखं कलेक्टर बरं दिसत नाही. आणि चर्चा संपते. मी ध्येय विचारतच नाही. 'घरातलं कुठलं काम तुला इतरांपेक्षा चांगलं जमतं?' असं विचारते. मग एकजण सांगतो की मागावर तुटलेला धागा वडिलांपेक्षा लवकर जोडतो. एक मुलगी आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते. एकाला बाजारात भाव पाडून घेता येतो आणि त्याची नक्कल करून दाखवताना तो उभाच राहतो. प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ कुणीच बोलत नाही. ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही आणि आपण उत्तर सुचवायला लागतो. तेवढं टाळलंत तरी पुष्कळ झालं.

आणि बाहेरगावच्या वक्त्यांना हमखास न कळणारी गोष्ट म्हणजे भाषा. शाळा मराठी माध्यमाची असली तरी आपल्या पोरांच्या घरी मराठी असेलच असं नाही. पद्मशाली म्हणजे विणकर समाजाच्या घरात तेलुगू, अक्कलकोट बाजूच्या घरात कन्नड, कुणाकडे उर्दू. गटात गप्प बसलेल्या मुलाच्या नावापुढे 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पडतो. तोच मुलगा जेवणाच्या रांगेत मित्राशी तेलुगूत तोंड न मिटता बोलत असतो. मी सुरुवातीलाच सांगून टाकते, ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोला, शेजारचा मराठीत सांगेल. एकदा एका मुलीने तेलुगूत एवढा मोठा किस्सा सांगितला की अर्धा गट हसून लोळला आणि उरलेला अर्धा 'काय म्हणाली, काय म्हणाली' करत तिच्या मागे लागला. दुपारनंतर ती मोडक्यातोडक्या मराठीत आपणहून बोलली.

जेवणानंतरच्या सत्रात तात्त्विक काही चालत नाही. 'ताई, झोप येऊलालीय' असं तोंडावर सांगतात आणि मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, त्यांचं बरोबरच असतं. खेळ घ्या.

आता ज्या सत्राबद्दल मला खरा राग आहे ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे मालवतात, बासरी लावतात आणि वक्ता घोगऱ्या आवाजात आईच्या भेगाळलेल्या टाचांचं, बापाच्या फाटक्या बनियनचं वर्णन करतो. पोरं हुंदके देतात, मागे बसलेले पालक डोळे पुसतात आणि सत्र यशस्वी झालं असं ठरतं. पण त्याच अंधारात एखाद्याचे वडील गेल्या वर्षी वारलेले असतात. एखादीला बाप रोज पिऊन मारत असतो आणि तिला सांगितलं जातं की घरी जाऊन आधी त्याच्या पाया पड. आयोजकांना हे सत्र वगळायला आधीच सुचवून बघा. ऐकतीलच असं नाही, पालकांना ते आवडतं. नाही ऐकलं तर भिंतीकडेला बसा. कुणी फार रडत असेल तर बाहेर घेऊन या, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी, व्हरांड्यात. पाणी द्या आणि शेजारी बसा. खोदून विचारू नका.

मूल आपणहून काही सांगायला लागलं तर 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तुम्ही स्वयंसेवक असा की शिक्षक. बारकावे तुम्ही विचारायचे नाहीत, ते काम प्रशिक्षित माणसांचं. इतर त्रास असेल तरी १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो. तो गटात सगळ्यांनाच सहज सांगून ठेवा, म्हणजे ज्याला हवा त्याने विचारायची वेळ येत नाही. मुलांचे फोन नंबर घेऊ नका, इन्स्टावर जोडून घेऊ नका आणि रडणाऱ्या पोरांचे फोटो तर अजिबात टाकू नका.

होकार देण्याआधी एक विचारून घ्या: शिबिराच्या शेवटी काही विकणार आहेत का? डोळे बांधून वाचायला शिकवणारा, मेंदू जागा करणारा कोर्स असेल तर सरळ नाही म्हणा. आईबापांच्या खिशाला ती कात्री असते.

आणि तारीख. पुष्कळ आयोजकांना १२ जानेवारीच हवी असते. त्या दिवशी विवेकानंदांची जयंती म्हणून युवा दिन, आणि १९३१ साली याच तारखेला आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं, म्हणजे भाषणाला विषय तयार. पण तेव्हा सिद्धेश्वराची यात्रा तोंडावर आलेली असते आणि पोरांचं सगळं लक्ष गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेच्या जत्रेतल्या पाळण्यांकडे. तुमचंही शिबिर त्याच सुमारास असेल तर दुपारी तीनला आटपायला सांगा, नाहीतर जेवणानंतर हॉलमध्ये तुम्ही, वक्ता आणि रिकाम्या खुर्च्याच उरतील.