‘सिस्टर, बरा होईल ना हो?’
डॉक्टर आजारी मुलाच्या आईवडिलांशी आजाराच्या पुढच्या वाटचालीबद्दल बोलतील, तेव्हा ड्यूटी जुळवून तूही तिथे बस. नेमकं काय सांगितलं गेलं ते ठाऊक नसेल, तर नंतर पंचाईत होते. कारण खरा प्रश्न येतो रात्री, तू सलाईन बदलत असताना. ‘होईल सगळं नीट’ म्हणू नकोस. ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून सटकूही नकोस. आधी विचार, ‘डॉक्टरांच्या बोलण्यातून तुम्हाला काय समजलं?’ आणि ऐक. बरं होण्याची टक्केवारी आपण नर्सनी सांगायची नाही. ती पुष्कळ मुलांवरून काढलेली असते, या एकाचं काय होईल ते त्यातून कळत नाही. आणि हो, हे उशाशी बोलू नकोस, मुलं झोपेचं सोंग छान घेतात! पालकांचे शब्द नोट्समध्ये लिही, राउंडआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.