कार्डाचे पॉइंट्स शून्य झाले, बिल मात्र उभंच आहे

प्रश्न : आमचा तारकर्लीला चार खोल्यांचा होमस्टे आहे. तीन वर्षांपूर्वी विमानप्रवासाचे पॉइंट्स देणारं क्रेडिट कार्ड घेतलं. वर्षाची फी जीएसटीसह 5,900 रुपये. घरचा किराणा, औषधं, मुलाची फी, शिवाय होमस्टेच्या चादरी, मासळी, पाहुण्यांसाठी हापूसच्या पेट्या, सगळं त्यावरच घेतलं. 1,84,000 पॉइंट्स जमले. आईवडिलांना गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानाने काशीला न्यायचं, हॉटेलही पॉइंट्सवरच, असं ठरलं होतं. बुकिंगला बसले तर शिल्लक शून्य, आणि ‘अटींचा भंग’ एवढाच मेसेज. दोनदा आमच्याच स्वाइप मशीनवर कार्ड मारलं होतं, तेही सांगून टाकते. बँकेन माका फसयल्यान. 38,000 चं बिल आलंय, ते मी भरणार नाही. वर्षाला 30 टक्क्यांवर व्याज लावता येत नाही म्हणे. केस सिंधुदुर्गातच चालेल का?

उत्तर : ताई, आधी बिल भरा. पूर्ण भरा, मुदतीच्या आत भरा, आणि त्याच दिवशी बँकेला ईमेल करा की पॉइंट्सची तक्रार कायम ठेवून रक्कम भरत आहे. पॉइंट्स गेले म्हणून केलेल्या खरेदीचे पैसे माफ होत नाहीत. मुदत उलटून तीन दिवस झाले की विलंब शुल्क लागू शकतं, थकबाकीची नोंद सिबिलकडे जाऊ शकते, आणि उद्या होमस्टेसाठी कर्ज मागायला गेलात की तीच नोंद आडवी येते. 30 टक्क्यांचं तुम्ही ऐकलंत ते एके काळी खरं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली तसा आदेश दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो रद्द केला. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर ते वर्षाला 42 टक्के होतात. त्या भरवशावर बिल अडवू नका.

आता पॉइंट्स. तुम्ही मशीनची गोष्ट लपवली नाहीत, म्हणून मलाही स्पष्ट बोलता येतं. स्वतःच्याच मशीनवर कार्ड मारून पैसे स्वतःच्याच खात्यात आणणं हा कार्डाच्या कराराचाही भंग आहे आणि मशीन देणाऱ्या बँकेशी केलेल्या कराराचाही. त्या दोन व्यवहारांचे पॉइंट्स विसरा. त्यांच्यासाठी खोलीभाड्याची खोटी पावती फाडली असेल, तर ते मला किंवा तुमच्या सीएला लगेच सांगा. तो विषय पॉइंट्सपेक्षा मोठा आहे. पुन्हा कुणाच्याच मशीनवर, भावोजींच्या पंपावरसुद्धा, हे करू नका.

चादरी, मासळी आणि पेट्यांचं काय? बहुतेक वैयक्तिक कार्डांच्या अटींत ‘फक्त स्वतःच्या वापरासाठी’ असं असतं. त्यामुळे या खरेदीवरचे पॉइंट्स काढून घेण्याला बँकेकडे आधार असू शकतो. पण घरच्या किराण्याचे, आईच्या औषधांचे, शाळेच्या फीचे पॉइंट्सही त्याच झाडूने झाडून टाकले, कुठल्या व्यवहारामुळे तेही सांगितलं नाही, हे मला मुळीच पटत नाही. तुमची केस इथे आहे, आणि इथेच ठेवा.

यासाठी एक कंटाळवाणं काम करावं लागेल. सगळी मासिक स्टेटमेंट्स छापून घ्या आणि दोन रंगांचे पेन घेऊन बसा. घरच्या खर्चाला हिरवी खूण, धंद्याच्या खर्चाला लाल. मासळी घरी शिजली की पाहुण्यांच्या ताटात गेली हे आठवत नसेल, तर लाल करा. हिरव्या रकमांवर किती पॉइंट्स मिळाले होते त्याची बेरीज काढा, मागणी तेवढीच. हे मी उगीच सांगत नाही. ग्राहक आयोगात बँकेचा वकील पहिला मुद्दा मांडेल, की कार्ड व्यापारी कारणासाठी वापरलं, म्हणजे तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’च नाही. ज्या लाल रकमांवर तुम्ही हक्क सांगाल, त्याच तुमच्याविरुद्ध पुरावा होतील. मुख्य हेतू घरगुती होता हे हिरव्या रकमांतून दिसलं पाहिजे. लालच जास्त निघाल्या, तर आयोगात जायचा सल्ला मी देणार नाही.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा : कोणते व्यवहार, कोणती अट, कोणत्या व्यवहाराचे किती पॉइंट्स? ती अट तुम्ही कार्ड घेतलंत तेव्हा होती की नंतर घातली, हेही विचारा. अटी बदलायच्या तर 30 दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे न पटल्यास कार्डधारकाला बाहेर पडता येतं, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. मात्र ‘हा बँकेचा व्यावसायिक निर्णय’ म्हणून लोकपाल ती परत करू शकतो, आणि आयोगात प्रकरण चालू असेल तर तो ती घेणारच नाही. म्हणून आधी लोकपाल.

तिथे जमलं नाही तर ओरोसचा, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाचाच, जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बँकेचं मुख्यालय मुंबईत असलं तरी बिघडत नाही. पॉइंट्स शून्य झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती तारीख वहीत लिहून ठेवा. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, आणि तुमचा मोबदला म्हणजे कार्डाची फी. मागताना रुपये नका मागू, पॉइंट्स परत मागा. तोच पॉइंट विमान कंपनीकडे वळवला तर एक भाव, बिलात वळता केला तर दुसरा. रुपयांत मागितलंत की वाद भावावरच अडकेल.

कार्ड रागाने बंद करू नका. थकबाकी नसेल तर बंद करण्याच्या अर्जावर बँकेला सात कामाच्या दिवसांत कार्यवाही करावी लागते, उशिराला दिवसाला 500 रुपये दंड आहे, म्हणजे तो हक्क कुठे जात नाही. पण बंद करताना उरलेले पॉइंट्स बुडू शकतात आणि ॲपही बंद होतं. ॲप चालू आहे तोवर पॉइंट्सच्या जमाखर्चाचं पान, तो मेसेज, कार्ड घेतानाच्या अटींची प्रत असं सगळं आज रात्रीच उतरवून घ्या. छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, डिजिटल नोंदींसाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं बरं; त्याचा मसुदा मी देईन.

आणि काशीची तिकिटं या निकालावर टांगून ठेवू नका. हे प्रकरण वर्षभरही चालू शकतं. आईवडिलांचे पाय चालते आहेत तोवर, रेल्वेने का होईना, त्यांना घेऊन जा.