‘आजपासून बंद’ असे सांगण्यापूर्वी

रोज मद्यपान करणारा एक रुग्ण रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि झोप लागत नाही म्हणून आला, तर त्याला ‘आजपासून दारू बंद’ असे सांगून घरी पाठवणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी नीट चौकशी व्हायला हवी, कारण हाच सल्ला एका रुग्णाला तारतो आणि दुसऱ्याच्या जिवावर बेततो.

‘पिता का?’ या प्रश्नाला ‘कधीतरी’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी गेल्या आठवड्यात किती दिवस घेतली आणि प्रत्येक वेळी किती, हे औषधांची चौकशी करावी तितक्याच सहज स्वरात विचारावे. मद्यपान किती घातक पातळीवर आहे हे जोखणारी, जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची, ४० गुणांची प्रश्नावली येथे उपयोगी पडते. ८ किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढे खोलात जावे. जीजीटी ही यकृताची रक्तचाचणी सामान्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नये.

खरा निर्णायक प्रश्न निराळाच आहे: सकाळी हात थरथरतात का, आणि घेतल्यावर ते थांबतात का? पूर्वी बंद केली तेव्हा आकडी आली होती का, भास झाले होते का? शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप आणि घाम सुरू होतो, आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि भ्रमावस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. हाड मोडून दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी बरळू लागला, तर हे कारण आधी आठवावे. पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेल्या रुग्णाला दाखल करूनच दारू सोडवावी. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही शामक औषधे देऊन मात्रा क्रमाने उतरवावी. यकृत बिघडलेले असेल तर लोराझेपाम बरे. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) इंजेक्शनने, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यावे, मात्र रक्तातील साखर घसरलेली असताना त्यासाठी ग्लुकोज थांबवू नये.

अंगाचा कंप थांबला की उपचार संपला असे मानले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण पुन्हा पिणे रोखणारी औषधे हाताशी असूनही लिहिली जात नाहीत. नाल्ट्रेक्सोन दिवसाला ५० मिलिग्रॅम द्यावे, परंतु अफूजन्य वेदनाशामक घेणाऱ्याला मुळीच देऊ नये. अकॅम्प्रोसेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून यकृताच्या रुग्णाला चालते. मूत्रपिंड निकामी असेल तर नाही. डायसल्फिराम घेतलेले असताना दारू प्यायल्यास शरीरात तीव्र प्रतिक्रिया उमटते, म्हणून त्याविषयी मी आग्रहाने सांगतो: घरच्यांनी ते जेवणात नकळत मिसळणे जीवघेणे ठरू शकते, आणि शेवटच्या गोळीनंतरही सुमारे दोन आठवडे त्याची प्रतिक्रिया उमटू शकते.

आपल्या रुग्णाची झोप आणि रक्तदाब दोन्ही दारूमुळेच बिघडलेले असू शकतात. झोपेची गोळी त्याला सहज लिहून देऊ नये. उदासी आणि आत्महत्येचे विचार आजच विचारावेत, आठवड्याच्या आत पुन्हा बोलवावे, आणि दारू सुटून काही आठवडे झाल्यावर रक्तदाब मोजून मगच त्याची कायमची औषधे ठरवावीत.