हुतात्मांना की हुतात्म्यांना?

साताऱ्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकाबाईंनी विचारलंय: २१ ऑक्टोबरला शाळेच्या फळ्यावर 'पोलीस शहीद दिन' लिहू की 'पोलीस हुतात्मा दिन'? आणि खाली 'हुतात्मांना' की 'हुतात्म्यांना'?

सोपं आधी. 'आत्माला शांती लाभो' असं कुणी म्हणत नाही, आत्म्याला म्हणतो. तसंच हुतात्म्याला, हुतात्म्यांना. अनेकवचन हुतात्मे. 'हुतात्मांना' हे फ्लेक्सवाल्यांचं व्याकरण.

आता शब्द. 'शहीद' अरबी, मूळ अर्थ साक्षीदार. मराठीत तो केव्हाच रुळलाय, त्याच्याशी माझं भांडण नाही. 'हुतात्मा'तलं 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं. होम, हवन, आहुती सगळी त्याच धातूची भावंडं. म्हणजे कोणी मारलं, कशासाठी मारलं, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. फक्त स्वतःला अर्पण केलं एवढंच सांगतो.

आपल्या भागात हे फार जाणवतं. वडूजला सप्टेंबर १९४२ मध्ये तहसील कचेरीवर मोर्चा गेला, परशुराम घार्गे आणि इतर पडले ते पोलिसांच्याच गोळ्यांनी. त्यांना आपण हुतात्मे म्हणतो. वाळव्याकडे नुसतं 'हुतात्मा' म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. तो ज्या किसन अहिरांच्या नावाचा, तेही पोलिसांशी झालेल्या चकमकीत गेलेले. आणि जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे? अंगावर पोलिसाचीच वर्दी. २००८ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, पण सोडली नाही. पुढे अशोकचक्र मिळालं, मरणोत्तर. त्यांनाही हाच शब्द, आणि तो कुठे खटकत नाही.

'हौतात्म्य पत्करलं' हे क्रियापदही ओंबळ्यांना चपखल बसतं, कारण पत्करण्यात जाणूनबुजून घेणं आहे. पण महामार्गावर नाकाबंदीला उभ्या असलेल्या हवालदाराला ट्रकनं उडवलं तर? तिथे मी 'कर्तव्य बजावताना मृत्यू आला' असं साधं लिहीन. त्याचं मोल कमी म्हणून नव्हे, त्याला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून.

म्हणून फळ्यावर 'पोलीस स्मृतिदिन'च बरं. रूढ नावही तेच आहे, आणि त्यात दोघंही मावतात. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान गेले, तेव्हापासूनची ही आठवण. 'स्मृति'तली 'ति' समासात ऱ्हस्व. 'पोलीस'मधली 'ली' दीर्घ, पण 'पोलिसांना' लिहिताना ती ऱ्हस्व होते.

आणखी एक, न विचारलेलं. श्रद्धांजली वाहतात, कारण अंजली म्हणजे ओंजळ. मानवंदना मात्र देतात. 'मानवंदना वाहिली' असं लिहू नका.