दिवाळखोरीच्या आदेशात येणं रक्कम चुकीची छापली गेली. नव्याने अर्ज करावा लागेल का?

नाही. तुमचं येणं १ कोटी २१ लाख आणि आदेशात पडलंय १ कोटी १२ लाख, ही लिहिताना झालेली चूक. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या २०१६ च्या नियमांतला नियम १५४ यासाठीच आहे. लेखनाची, बेरजेची किंवा नजरचुकीने राहिलेली चूक न्यायाधिकरण स्वतःहून किंवा अर्जावर दुरुस्त करतं. अंतिम आदेशापासून २ वर्षांत अर्ज करायचा. तुमची ऋणको कंपनी म्हापशाची असली तरी गोव्याची प्रकरणं मुंबई खंडपीठाकडे जातात, तेव्हा अर्ज तिथेच.

पण ‘व्याज धरायला हवं होतं’ असं म्हणायचं असेल तर ती दुरुस्ती नव्हे, अपील. त्याला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी १५, पुढे दार बंद. दुरुस्तीच्या भरवशावर अनेक जण हे दिवस घालवतात.

दिवाळखोरीच्या मूळ अर्जातच प्रतिज्ञापत्र राहिलं असेल तर गोष्ट वेगळी: तो फेटाळण्याआधी न्यायाधिकरणाला त्रुटी दूर करण्यासाठी ७ दिवसांची नोटीस द्यावीच लागते. ही ७ दिवसांची मुदत ताठर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुरेंद्र ट्रेडिंग प्रकरणात सांगितलं. मात्र उशिराचं कारण लेखी द्या.