तळ आधी बघ, रंग नंतर

गुहागरच्या घराच्या माळ्यावर सापडलेला काचेचा पेपरवेट तू शंभर वर्षांचा म्हणतोयस, पण आधी तो उलटा कर. खरी झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर असते आणि तिचे ओरखडे बारीक, वेडेवाकडे, सगळ्या दिशांना गेलेले असतात. एकाच दिशेने सरळ ओरखडे दिसले तर पॉलिश पेपरने घासलंय समज. मी यातच एकदा फसलो, म्हणून कळकळीने सांगतोय.

तळाच्या मध्यभागी, गरम काच धरायच्या लोखंडी दांडीपासून माल तोडल्याची खडबडीत खूण असली की तो हाती घडवलेला. मात्र तसं काम आजही होतं, त्यामुळे तेवढ्यावर वय ठरवू नकोस. फ्रान्सच्या बाकारात कारखान्याच्या काही पेपरवेटांत फुलांच्या नक्षीमध्ये 'B' अक्षर आणि 1846 ते 1849 मधलं साल असतं. पण नकलाही भरपूर आहेत.

बाटली असेल तर साच्याची शिवण बोटाने चाचप. शिवण थेट ओठावरून गेली असेल तर ती बहुधा यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. गोटीसोड्याची बाटली जुनी वाटते खरी, पण ती शोधून काढणाऱ्या कॉडचं पेटंट 1870 च्या दशकातलं आणि ती आजही बनते.

आपल्याकडे खारी, दमट हवा. काचेवर आलेला धुरकटपणा वयाचा पुरावा मानू नकोस, आणि तो काढायला ॲसिड तर मुळीच लावू नकोस. कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. नंतर उजेडात तळाचा फोटो काढून पाठव.